160 एकर, त्यातले शिकारीचे किती? मिझुरीच्या उत्तर भागातल्या एका जमीन खरेदीचं प्रकरण

अमेरिकेच्या मिझुरी राज्यात, ग्रँड नदीच्या खोऱ्यात, 160 एकर जमीन विक्रीला आली. जाहिरातीत फोटो होते ते ट्रेल कॅमेऱ्यातल्या, म्हणजे झाडाला बांधून ठेवलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यातल्या, शिंगाळ नर हरणांचे आणि पहाटेच्या पाण्यावर उतरणाऱ्या मॅलार्ड बदकांचे. खाली एक ओळ: ‘सुमारे 90 एकर डब्ल्यूआरपीमध्ये,’ म्हणजे एका सरकारी पाणथळ योजनेत. मागणी एकरी 5,000 डॉलर, म्हणजे एकूण आठ लाख.

घेणारे दोघे भागीदार. एक मराठी इंजिनिअर, ग्रीनकार्डधारक, राहायला कॅन्सस राज्यातल्या ओव्हरलँड पार्कला. दुसरा त्याचा अमेरिकन सहकारी, राज्यसीमेच्या अलीकडे मिझुरीत राहणारा. माणसं आणि व्यवहाराचे आकडे इथे प्रातिनिधिक आहेत, हिशेब समजावा म्हणून मांडलेले. ठिकाणं, कायदे आणि तारखा मात्र खऱ्या.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची शिकार हा तुरुंगाचा विषय आहे, आणि तो तसाच असावा असं माझं मत आहे. मिझुरीत परिस्थिती वेगळी. तिथे 1925 च्या सुमारास अख्ख्या राज्यात जेमतेम चारेकशे हरणं उरल्याचा अंदाज होता. 1936 मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती करून स्वायत्त संवर्धन आयोग नेमला, हरणं पुन्हा आणून सोडली गेली, 1944 मध्ये मोजूनमापून हंगाम सुरू झाला. आज प्रश्न हरणं फार कमी असण्याचा नाही. शिकारीचे परवाने, आणि 1976 मध्ये मतदारांनी मंजूर केलेला एक अष्टमांश टक्क्याचा विक्रीकर, यांवर तिथलं संवर्धन खातं चालतं. हे पटो न पटो, पण जमिनीची किंमत या व्यवस्थेवर ठरते, म्हणून ती माहीत हवी.

जमीन कशी होती

अमेरिकेचा मध्यभाग चौकोनांत मोजलेला आहे. एक मैल बाय एक मैल म्हणजे एक सेक्शन, 640 एकर. त्याचा पाव म्हणजे 160. आपली जमीन म्हणजे असाच एक पाव सेक्शन, अर्धा मैल लांब, अर्धा मैल रुंद. उत्तरेकडचा भाग उंचवट्याचा: थोडी पिकाची जमीन, बाकी ओक आणि हिकरीची झाडी. दक्षिणेकडे उतरत गेलं की काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी खोरजमीन. तिथे मातीचे बुटके बांध, आणि पाणी अडवायला-सोडायला फळ्या घालायच्या लोखंडी मोऱ्या. दक्षिण सीमेला काउंटीचा खडीचा रस्ता.

परिसर बदकांच्या वाटेवरचा. समनर गावाजवळ 1937 मध्ये स्थापन झालेलं स्वान लेक राष्ट्रीय अभयारण्य आहे, दहा हजार एकरांहून मोठं. राज्याच्या संवर्धन खात्याचं फाउंटन ग्रोव्ह क्षेत्रही फार लांब नाही. मिझुरीने आपल्या मूळ पाणथळींपैकी सुमारे 87 टक्के गमावल्या आहेत, त्यामुळे जी उरली किंवा परत तयार केली, तिथे पक्षी दाटीने उतरतात.

दलालाने हेच भांडवल केलं. ‘अभयारण्याच्या शेजारी’ हा शब्दप्रयोग त्या भागात एकरी भाव चढवतो. पण समनर गावातच याला उतारा उभा आहे: मॅक्सी नावाचा सुमारे 40 फूट उंचीचा कॅनडा हंसाचा पुतळा. गाव स्वतःला जगाची रानहंस-राजधानी म्हणवतं. एकेकाळी स्वान लेकवर हंसांचे प्रचंड थवे हिवाळा काढायचे. पुढे ते उत्तरेकडेच थांबू लागले आणि इथली संख्या कोसळली. पुतळा आहे तिथेच आहे. पक्ष्यांच्या दहा वर्षांपूर्वीच्या फोटोंवर पैसे मोजायचे नसतात, हे घेणाऱ्यांपैकी मिझुरीवाल्याला ठाऊक होतं. इंजिनिअरला तो पुतळा दाखवूनच पटवावं लागलं.

एका ओळीतली मेख

आता त्या ‘डब्ल्यूआरपी’कडे येऊ, कारण या प्रकरणाचा बराचसा जीव तिथे आहे.

1993 च्या उन्हाळ्यात मिझुरी आणि मिसिसिपी नद्यांना आलेला पूर अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत अजून आठवणीत आहे. खोऱ्यातली पिकं गेली, बांध फुटले, शेतांवर वाळू साचली. त्यानंतर केंद्र सरकारने पूरग्रस्त शेतकऱ्यांना पर्याय दिला: ही जमीन पुन्हा पाणथळ होऊ द्या, आम्ही तुम्हाला मोबदला देतो, शेतीचे हक्क आमच्याकडे कायमचे द्या. 1990 च्या शेती कायद्यात आलेली ‘वेटलँड्स रिझर्व्ह प्रोग्रॅम’ ही योजना अशी पुराच्या पैशाने वाढली. विकणाऱ्यांच्या वडिलांनी त्यात खोरजमीन घातली होती. ते वारले. आता तीन भावंडं विकत होती आणि त्यांतलं एकही शेतावर राहत नव्हतं.

योजनेतला करार हा इझमेंट असतो. म्हणजे मालक तुम्हीच, सातबारावर इतर हक्कात बोजा असावा तसा सरकारचा हक्क मात्र जमिनीला चिकटलेला. विक्री झाली, वारसा बदलला, तरी तो सुटत नाही. मालकाकडे काय उरतं? नाव, शांतपणे उपभोग, कोणाला आत येऊ द्यायचं ते ठरवण्याचा हक्क, आणि जमिनीचं रूप न बदलता शिकार-मासेमारी करण्याचा हक्क. तो शिकारीचा हक्क भाड्यानेही देता येतो. काय उरत नाही? नांगरणं, पेरणं, गवत कापणं, गुरं चारणं, झाडं तोडणं, बांधकाम करणं, पाणी काढून टाकणं. यातलं काही करायचं तर नैसर्गिक संसाधन संवर्धन सेवेची, म्हणजे केंद्रीय कृषी खात्याच्या एनआरसीएसची, लेखी ‘सुसंगत वापर’ परवानगी लागते. ती ठरावीक मुदतीची, रद्द होऊ शकणारी, आणि जुन्या मालकाला मिळालेली नव्या मालकाला आपोआप लागू होईल असं धरून चालता येत नाही.

पुष्कळ घेणारे इझमेंटचं नाव ऐकताच पळतात. माझ्या मते बदकांसाठी जमीन घेणाऱ्याने उलट थांबून बघावं. सरकारने खर्च करून बांध घातलेले, पाण्याच्या मोऱ्या बसवलेल्या, पाइप टाकून या जमिनीचं पाणी कोणी काढून नेणार नाही याची खात्री, आणि भाव कमी. अट एकच: कमी भाव खरंच कमी असायला हवा. इथे दलाल इझमेंटखालची आणि मोकळी जमीन एकाच भावाने, एकरी 5,000 ने, विकत होता.

घेणाऱ्यांनी विसार दिला तो करारात एक कलम घालून: कागदपत्रं तपासून समाधान झालं नाही तर विसार परत. मग टायटल कंपनीकडून मालकीचा अहवाल आला. आपल्याकडे वकील शोध अहवाल देतो तसंच हे काम, फक्त इथे ती कंपनी मालकीचा विमाही उतरवते. या अहवालात एक भाग ‘अपवादां’चा असतो: ज्या गोष्टींची जबाबदारी विमा घेत नाही त्या. लोक तो वाचत नाहीत, कारण तो कंटाळवाणा असतो. वाचायचा असतो तोच. तिथे इझमेंटच्या दस्ताचा पुस्तक क्रमांक आणि पान क्रमांक होता. काउंटीच्या दस्तनोंदणी कार्यालयातून त्या दस्ताची आणि सोबतच्या मोजणी नकाशाची नक्कल मागवली.

नकाशात इझमेंट 90 एकर नव्हतं. 101 होतं.

ही अकरा एकरांची तफावत कुठे होती ते महत्त्वाचं. इझमेंटची हद्द चौकोनी रेषांनी जात नव्हती. मोजणीदाराने दिशा आणि अंतरं देत ती उंचवट्याच्या पायथ्याने वर ओढली होती, आणि झाडी जिथे खोऱ्याला भेटते तो पट्टा आत घेतला होता. हरणांची शिकार ज्याने केली आहे त्याला हा पट्टा कशासाठी लागतो ते सांगायला नको. दिवसा झाडीत बसलेलं हरीण संध्याकाळी खायला उतरतं ते याच कडेने. विकणाऱ्यांची तीन मचाणं तिथेच होती. क्लोव्हरचा दीड-दोन एकरांचा ‘फूड प्लॉट’, म्हणजे हरणांसाठी पेरलेला चारा, तोही तिथेच. आणि घेणाऱ्यांनी केबिनसाठी मनात धरलेली जागासुद्धा.

चाऱ्याच्या तुकड्याची परवानगी विचारली तर भावंडांपैकी एकाने सांगितलं, वडिलांनी घेतली होती बहुतेक. कागद सापडला नाही. मग एनआरसीएसच्या स्थानिक कार्यालयाला लेखी विचारणा झाली: या इझमेंटवर आज कोणती परवानगी चालू आहे, शेवटची पाहणी केव्हा झाली, काही उल्लंघन नोंदलं आहे का. उत्तर येईपर्यंत व्यवहार पुढे न्यायचा नाही असं ठरलं. दलाल कुरकुरला. त्याचं म्हणणं, सगळे असंच करतात. करत असतील. पण क्लोजिंगनंतर, म्हणजे व्यवहार पूर्ण होऊन जमीन नावावर झाल्यावर, उल्लंघन दुरुस्त करून देण्याची जबाबदारी त्या दिवशी जो मालक असेल त्याच्यावर येते.

रस्ता

जमिनीवर जायला वापरात असलेली वाट उत्तरेकडून, शेजाऱ्याच्या शेतातून येत होती. गेली कित्येक वर्षं विकणारे तिथूनच जायचे. कागदावर काही नाही. वडील आणि शेजारी एकाच चर्चमध्ये जायचे, एवढाच करार.

पाणंदीवरून भाऊबंदकी पाहिलेल्या मराठी माणसाला इथला धोका लगेच दिसतो. पण कायद्याची बाजू आणखी वाकडी होती. मिझुरीत दहा वर्षं हक्काने, विरोधात वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा दावा सांगता येतो. शेजाऱ्याच्या संमतीने वापरलेल्या वाटेवर नाही. संमती कितीही जुनी असली तरी ती संमतीच. दुसरा मार्ग म्हणजे ‘माझ्या जमिनीला रस्ताच नाही’ म्हणून कोर्टाकडे मागणी. तीही इथे लंगडी, कारण कागदावर जमिनीला दक्षिणेचा काउंटी रस्ता लागतो. फक्त त्या रस्त्यावरून उंचवट्यावर जायचं तर मध्ये 101 एकर इझमेंट, जिथे नवा रस्ता बांधायला मनाई, आणि शिकारीच्या महिन्यांत पाऊस झाला की ज्याचा बराच भाग पाण्याखाली. थोडक्यात, कायद्याच्या नजरेत रस्ता होता आणि गाडीच्या चाकांना नव्हता.

त्यात वाऱ्याचा प्रश्न. नोव्हेंबरमध्ये, म्हणजे हरणांच्या माजाच्या ऐन काळात, या भागात थंडीची लाट आली की वारा वायव्येकडून येतो. उत्तरेच्या वाटेने शिरणाऱ्या माणसाचा वास थेट ओकच्या झाडीत जाणार. मग मचाणावर पोचेपर्यंत हरणं कधीच निघून गेलेली. म्हणून घेणाऱ्यांनी नुसता रस्त्याचा हक्क मागितला नाही. वाट ईशान्य कोपऱ्याकडून, कुंपणाच्या कडेने यावी, रुंदी ठरावीक, शेतीची यंत्रं आणि खाजगी गाड्या दोन्हींना मुभा, आणि पुढच्या मालकांनाही लागू, असा नोंदणीकृत दस्त मागितला. शेजाऱ्याने आधी नाही म्हटलं. पिकाची जमीन तोच कसत होता. नवे मालक ती काढून घेतील ही त्याची भीती. मिझुरीत तोंडी, सालोसालच्या खंडाची शेती संपवायची तर वर्ष संपण्याआधी किमान 60 दिवस लेखी नोटीस द्यावी लागते, हे त्याला माहीत होतं आणि यांनाही. तीन वर्षांचा लेखी खंड आणि त्याबदल्यात रस्ता, असं जमलं. दस्ताचा आणि मोजणीचा खर्च विकणाऱ्यांनी सोसला.

हा भाग इतका लांबवला, कारण शिकारी जमिनीच्या बहुतेक चर्चेत रस्ता एका वाक्यात उरकतात. वास्तविक बँक, विमा आणि पुढचा गिऱ्हाईक, तिघेही पहिला प्रश्न तोच विचारतात.

पाणी: इंजिनिअरने आवडीने केलेला हिशेब

बांधांच्या आत सुमारे 40 एकरांचं एक तळं भरतं असं जाहिरात सांगत होती. भरतं कशाने? पावसाने आणि नदीच्या फुगवट्याने, असं उत्तर मिळालं. म्हणजे कोरड्या शरद ऋतूत, बदकं येण्याच्या वेळेला, तळं रिकामं.

एक एकर जागेत एक फूट पाणी म्हणजे 3,25,851 गॅलन. पाण्यात शेपटी वर करून चरणाऱ्या बदकांना, म्हणजे मॅलार्ड वगैरेंना, उथळ पाणी लागतं. सरासरी आठ इंच धरलं तर 40 एकरांना सुमारे 87 लाख गॅलन. मिनिटाला 1,000 गॅलन ओढणारा पंप दिवसरात्र चालवला तर दिवसाला 14.4 लाख. म्हणजे सहा दिवस, जमिनीत मुरणारं आणि उडून जाणारं सोडून. डिझेल वेगळं.

असा पंप लावला की आणखी एक नियम लागू होतो. दिवसाला एक लाख गॅलन ओढण्याची क्षमता असेल तर मिझुरीत राज्याकडे नोंदणी करून दरवर्षी वापर कळवावा लागतो. बदकांसाठी ओढता की मक्यासाठी, याने फरक पडत नाही. आणि इझमेंटमध्ये पंपासाठी चौथरा किंवा पाइप टाकायचा तर पुन्हा एनआरसीएस. फुटलेला बांध दुरुस्त करायलाही आधी त्यांनाच विचारायचं. दोघांनी जागेवर जाऊन मोऱ्या उघडून पाहिल्या: एक फळ्यांसकट ठीक, दुसरीच्या बाजूने पाण्याने माती पोखरलेली. मस्करॅट नावाचा पाणउंदीर बांधात बिळं करतो, त्याचा हा प्रताप. दुरुस्तीचा अंदाज वाटाघाटीत वापरला गेला.

तळ्यात काय उगवतं हेही पाहावं लागतं. आमिषाचा केंद्रीय नियम इथे फार नेमका आहे. 1918 च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याखाली, दाणे टाकलेल्या जागेवर बदकं मारणं गुन्हा, आणि दाणे पूर्ण काढल्यानंतरही दहा दिवस ती जागा आमिषाची धरली जाते. उभा मका तसाच पाण्याखाली बुडवला तर चालतो. तोच मका आडवा पाडून बुडवला तर चालत नाही. पण नैसर्गिक उगवलेलं गवत, स्मार्टवीड किंवा रानबाजरी, कापून, नांगरून पाण्याखाली घालायला हा नियम आड येत नाही. ‘मला माहीत नव्हतं’ ही सबबही पुरत नाही, कारण वाजवी तपास केला असता तर कळलं असतं का, हे पाहिलं जातं. इझमेंटमध्ये पेरणीला बंदी असल्याने बाजरी आपोआप उगवेल तीच खरी. गवत वाढण्याच्या हंगामात पाणी हळूहळू उतरवून ओल्या जमिनीवर ती उगवू द्यायची, ही पद्धत स्वस्त आणि नियमात बसणारी. फक्त त्यासाठी त्या दोन्ही मोऱ्या नीट चालायला हव्यात.

याच कायद्याच्या वैधतेवर मिझुरी राज्य केंद्राविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं आणि 1920 मध्ये हरलं. राज्यातून उडत जाणारा पक्षी राज्याचा नव्हे, असा तो निकाल. त्यामुळे हरणाचे नियम ठरवतं मिझुरी, आणि बदकांची चौकट ठरवतं केंद्र. एकाच जमिनीवर दोन सरकारं. परवानेही दोन प्रकारचे.

परवाने, व्हिसा आणि नावावर काय

मिझुरीत स्वतःच्या सलग 20 एकर किंवा जास्त जमिनीवर रहिवासी मालकाला हरणाचे परवाने फुकट मिळतात. 2020 आधी ही मर्यादा पाच एकर होती, त्यामुळे जुने दलाल अजून पाचच सांगतात. पण आपला इंजिनिअर कॅन्ससमध्ये राहतो, म्हणजे परराज्यातला. परराज्यातल्या मालकाला फुकट नाही, आणि सवलतीच्या दरासाठी 75 एकर लागतात. दोघांनी मिळून 160 एकर घेतली, किंवा एलएलसी कंपनीच्या नावाने घेतली, तर कोणाच्या नावावर किती धरायची? इथे अंदाज न बांधता संवर्धन खात्याकडून लेखी उत्तर घेतलं, आणि खरेदीखतातली नावं त्यानुसार ठरवली. बदकांसाठी मात्र मालकालाही राज्याचा स्थलांतरित पक्षी परवाना आणि केंद्राचं 25 डॉलरचं डक स्टॅम्प घ्यावंच लागतं. 1934 पासून चालत आलेल्या या स्टॅम्पच्या दर डॉलरमधले 98 सेंट पाणथळींसाठी जातात, त्यामुळे हा पैसा कोणी कुरकुरत देत नाही. 1 जानेवारी 1967 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचा सुरक्षा अभ्यासक्रमही करावा लागतो. बदकांवर शिशाचे छर्रे 1991 पासून देशभर बंद आहेत.

मराठी वाचकांपैकी जे एच-वन-बीवर आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी. अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. त्याला असलेल्या अपवादांतला एक म्हणजे चालू शिकार परवाना जवळ असणं. परवाना संपला की अपवादही संपला. दुसरं, ग्रीनकार्ड नसलेल्या परदेशी व्यक्तीने शेतजमीन घेतली तर 1978 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे 90 दिवसांत कृषी खात्याला कळवावं लागतं. चुकल्यास दंड जमिनीच्या बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. शिवाय मिझुरीचे परदेशी मालकीवरचे स्वतःचे निर्बंध आहेत, ते वकिलाला दाखवूनच पुढे जावं. आपल्या इंजिनिअरकडे ग्रीनकार्ड असल्याने केंद्राची ही नोंद त्याला लागू नव्हती. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हे त्याने भागीदाराला सांगितलं तेव्हा त्याला ते खरं वाटेना.

हरणांची बाजू

ट्रेल कॅमेऱ्याचे फोटो पुन्हा पाहिले तर मोठे नर दिसत होते ते मिठाच्या खनिज ढेपेपाशी. मिझुरीत आमिषावर हरीण मारायला बंदी आहेच. पण हा परिसर आणखी संवेदनशील. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा मेंदू पोखरणारा, नेहमी जीव घेणारा रोग राज्यात पहिल्यांदा 2010 मध्ये लिन काउंटीत, बंदिस्त कळपात सापडला आणि 2012 मध्ये शेजारच्या मेकन काउंटीत रानातल्या हरणांत. त्यानंतर या पट्ट्यात धान्य आणि खनिजं टाकायलाही मनाई आली, कारण एका ढेपेवर सगळी हरणं तोंड लावतात. म्हणजे ते फोटो एकतर फार जुने, किंवा नियम मोडून काढलेले. दोन्ही प्रकारे त्यांची किंमत शून्य.

व्हाइटटेल, म्हणजे इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण, इझमेंट वगळून उरलेल्या 59 एकरांत राहत नाही. त्याचा वावर शेकडो एकरांचा. त्यामुळे हरणांसाठी जमीन पाहताना शेजारी पाहायचे: पूर्वेचा मालक तरुण नर सोडतो की दिसेल ते मारतो, पश्चिमेची झाडी तोडणार आहेत का. या जमिनीवरचे जुने पांढरे ओक मात्र विकणाऱ्यांनी दोनेक वर्षांपूर्वीच लाकूडवाल्याला दिलेले निघाले. मिझुरीच्या पांढऱ्या ओकची व्हिस्कीची पिंपं होतात, भाव बरा येतो. हरणांना शरदात जी ओकची फळं सगळ्यांत जास्त आवडतात तीही त्यांचीच. खुंट मोजले, फोटो काढले, वाटाघाटीत ठेवले.

भाव

मूल्यांकन करणाऱ्याने जमीन दोन भागांत पाडली. मोकळी 59 एकर, एकरी 6,500 प्रमाणे 3,83,500 डॉलर. इझमेंटखालची 101 एकर, एकरी 2,700 प्रमाणे 2,72,700. एकूण 6,56,200. मागणी आठ लाखांची. विकणाऱ्यांना हा धक्का होता, पण बँकेचा मूल्यांकक याच पद्धतीने मोजणार हे त्यांच्या वकिलाने त्यांना सांगितलं असावं, कारण पुढच्या आठवड्यात स्वर बदलला. सौदा 6,65,000 ला ठरला: रस्त्याचा नोंदणीकृत दस्त आधी, तिन्ही वारसांच्या सह्या, मिठाच्या ढेपा आणि खालची माती काढून टाकलेली, आणि एनआरसीएसचं पत्र हातात. पत्रात चालू परवानगी नाही, पण नोंदलेलं उल्लंघनही नाही असं होतं. क्लोव्हरचा तुकडा मोडून तिथे स्थानिक गवत येऊ देण्याचं विकणाऱ्यांनी कबूल केलं.

चार-साडेचार हजार डॉलर जास्त दिले, असं इंजिनिअरचं म्हणणं. खरं तर 8,800. ते रस्त्याच्या कोपऱ्यासाठी दिले असं मी धरतो, आणि तो कोपरा तेवढ्याचा होता.

नंतर

केबिन उंचवट्यावर, पुराच्या नकाशाबाहेर, इझमेंटच्या रेषेपासून लांब सरकली. दोन मचाणं झाडीच्या आत वळवली. तिसरं कडेच्या पट्ट्यात ठेवता येतं का, तर दस्तातला मजकूर वाचून आणि कार्यालयाला विचारून, झाडाला इजा न करता काढता-घालता येणारं असल्यास, असं उत्तर आलं. बदकांसाठी लपणही तसंच, हलवता येणारं. सीमेवरच्या झाडांना जांभळ्या रंगाचे पट्टे मारले. मिझुरीत 1993 पासून तो रंग म्हणजे ‘आत येऊ नका’ची कायदेशीर पाटी आहे. लोखंडी पाट्या लोक चोरतात, रंग कोणी चोरत नाही.

भागीदारांनी आपसात जो करार केला तो मला सगळ्या कागदांत शहाणा वाटतो, जरी तो सगळ्यांत छोटा आहे. तळ्यावर आठवड्यात दोनच सकाळी गोळी चालवायची, दुपारनंतर कधीच नाही. रोज हाकललेली बदकं सरळ अभयारण्यात जाऊन बसतात, तिथे त्यांना कोणी उठवत नाही. पाहुणे प्रत्येकी एक, आणि परवाना स्वतः आणलेला. मादी हरणांची शिकार आधी. जास्तीचं मांस राज्याच्या ‘शेअर द हार्वेस्ट’ योजनेतून अन्नछत्रांना. इंजिनिअरच्या घरात ते शिजत नाही, आई असेपर्यंत शिजणारही नाही. आणि एकाला बाहेर पडायचं झालं तर दुसऱ्याने 90 दिवसांत त्याचा हिस्सा त्रयस्थ मूल्यांककाच्या भावाने घ्यायचा, अन्यथा संपूर्ण जमीन विक्रीला. तुकडा पाडून विकायचा नाही, कारण रस्ता एका कोपऱ्यात आहे, पाणी दुसऱ्या, आणि मोऱ्या उघडायच्या चाव्या दोघांकडे असल्या तरी बांध एकच आहे.

पंपाचा निर्णय पहिल्या हंगामानंतर घ्यायचा असं ठरलंय. त्याआधी पोखरलेली मोरी. तिची परवानगी मागण्याचा अर्ज कार्यालयात आहे.